वहीत न लिहिलेला बदल

सर, तुम्ही गेलात त्याला आता सहावं वर्ष लागलं. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एकच पत्र लिहिलं होतं, तेही तुम्हीच लिहायला लावलं म्हणून. "मी आपल्या क्लासमधील खिडकीजवळच्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न करू इच्छिते, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती." तुम्ही ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालात, "कधीपासून कधीपर्यंत शिरणार? कायले हात लावणार नाहीस, ते कुठं लिहिलं?" मी पुन्हा लिहिलं, तुम्ही पुन्हा परत केलं. चौथ्या वेळेला त्यावर सही केलीत, क्लासचा गोल शिक्का मारलात, फिका उठला म्हणून शाई लावून दुसऱ्यांदा मारलात. "हा कागद तुह्यापाशी नसंन, त तू शिकणारी नाहीस, चोट्टी आहेस. समजलं?" टायपिंगच्या बॅचमधली मुलं हसत होती. मीही हसले होते. एकोणीस वर्षांची होते मी.

तुमच्याकडे मी आले होते ते टायपिंग आणि सरकारी प्रमाणपत्रासाठी. तांड्यावरून सकाळच्या एस.टी.नं यायचं, कॉलेज करायचं आणि परतीची गाडी मिळेपर्यंत तुमच्या क्लासात बसायचं. तुमच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्याच मागची लांबट खोली म्हणजे क्लास. नऊ संगणक, त्यातले सहा चालणारे. बाहेरून वणीकडे जाणारे कोळशाचे ट्रक गेले की टेबलं हलत आणि की-बोर्डवर काळी धूळ बसे. तुमच्या बोटांवर झाळण्याच्या कथलाचे जुने डाग होते. दुसऱ्या महिन्यात मी तुमच्या स्वतःच्या संगणकाचा पासवर्ड काढला आणि पडद्यावरचं काश्मीरचं चित्र बदलून म्हशीचं लावलं. तुम्ही ते पाहिलंत, सगळ्यांना घरी पाठवलंत आणि मला थांबवलंत. मला वाटलं, आता नाव कापणार.

"कसं काढलं?"

"तुमच्या गाडीचा नंबर हाय, सर. आधी मुलाचं नाव टाकून पाह्यलं, मंग गाडीचा नंबर."

तुम्ही हसलात. मग एकदम हसू आवरलंत. "हे शिकाचं हाय काय तुले? मंग धडानं शिक. अर्धवट शिकशीन त जेलात जाशीन, पुरं शिकशीन त लोकं पगार देतीन."

त्यानंतर दर बुधवारी आणि शनिवारी, दुपारी दोन ते चार, बॅच नसताना, तुम्ही मला शिकवू लागलात. शिकवणं हा शब्द तुम्हाला चालला नसता. "म्या काही मास्टर नाही बेटा, तुह्यापेक्षा दोन पानं पुढं हाओ, बस," असं तुम्ही म्हणायचात, आणि ते खरंच होतं. नागपूरहून आणलेल्या इंग्रजी पानांच्या झेरॉक्स, त्यांच्या समासात तुमच्या बारीक अक्षरात उर्दू आणि मराठी अर्थ. मी आज्ञा टाइप करायची, एक जागा जास्त सुटायची आणि पडद्यावर चुकीची ओळ यायची. सरावासाठी मुद्दाम कच्चा ठेवलेला एक संगणक असतो, त्याच्यावर हल्ला करून शिकायचं. तो नुसता सुरू करायलाच आपल्याला आठ दिवस लागले, कारण यंत्राची मेमरी पुरत नव्हती. मग त्याच्या उघड्या वाटा मोजायच्या, प्रत्येक वाटेवर कोणतं सॉफ्टवेअर बसलंय ते बघायचं, ते किती जुनं आहे ते शोधायचं. तीन आठवडे मी नुसती मोजत होते. आत शिरता येईना. पिक्चरमध्ये दाखवतात तसं भरभर काही होत नाही, हे मला तेव्हा कळलं. हे काम म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं कंटाळवाणं असतं, आणि मला तोच कंटाळा आवडायला लागला होता. एका शनिवारी एक जुनी, कोणी दुरुस्त न केलेली जागा सापडली आणि पडद्यावर दुसऱ्या यंत्राची ओळ उमटली. मी ओरडले. तुम्ही दुकानातून हातात रेडिओ घेऊनच धावत आलात. पाहिलंत, मान हलवलीत, म्हणालात, "वहीत लिही."

ती वही तुम्हीच दिली होती. जाड पुठ्ठ्याची, लांब, दुकानदारांकडे असते तशी. काय केलं, किती वाजता केलं, काय दिसलं, कशाला हात लावला, सगळं त्यात. "वहीत नाही ते झालं नाही," हा तुमचा नियम. अहवाल लिहिताना माणूस स्वतःला शहाणं दाखवतो, म्हणून आधी वही, मग अहवाल. माझा पहिला अहवाल तुम्ही लाल पेनानं इतका भरलात, की मी तो घरी दाखवला नाही. शेवटी लिहिलं होतंत, "चांगला प्रयत्न. अजून प्रामाणिक लिही."

ती कापसाची वाईट वर्षं होती, हे तुम्हाला काय सांगायचं. बोंडं वरून हिरवीगार आणि आत गुलाबी अळी. फवारणीचं विष अंगात भिनून माणसं यवतमाळच्या दवाखान्यात आडवी झालेली. आमच्या तांड्यावरचे दोघं तिथून आले ते डोळे गमावून आले. आमच्या घरात पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, त्यामुळे आम्ही सगळे मागच्या एका खोलीत. याडीचे, म्हणजे माझ्या आईचे, हात खाजून खाजून लाल झालेले. बा रोज सकाळी त्या ढिगात हात खुपसून बघायचा, आतून गरम झालाय का ते. खरेदी केंद्र उघडलं होतं, पण त्या वर्षीपासून नोंदणी संगणकावर. नोंदणी करायची, चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवर जी तारीख येईल त्या दिवशी गाडी न्यायची. बाला जी तारीख मिळाली ती महिनाभर पुढची. आणि गावात रोज नवी बातमी, केंद्र बंद होणार, या आठवड्यात होणार, गोदामात जागा नाही. बा मला म्हणाला, "तू कॉम्प्युटर शिकून राह्यली ना? मंग त्यात पाय ना, आपला नंबर काही पुढं येते काय." त्याला म्हणायचं होतं, चौकशी कर. त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं.

मंगळवार होता. तुम्ही सामान आणायला गेला होता आणि क्लास माझ्यावर सोपवला होता. मी केंद्राची साइट उघडली, बाच्या चिठ्ठीवरचा नंबर टाकला. त्याची नोंद आली. नाव, गाव, बँकेचा खाते क्रमांक, किती क्विंटल, कोणती तारीख. आणि वर पत्त्याच्या ओळीत तोच नंबर उघडा दिसत होता. मी शेवटचा आकडा बदलला. दुसऱ्याची नोंद आली. आणखी बदलला, तिसऱ्याची. कोणी विचारलं नाही मी कोण आहे म्हणून, कुठे पासवर्ड नाही. खाली दुरुस्तीचं बटण होतं, ते केंद्रातल्या माणसांसाठी असावं, पण दाबलं तर मलाही उघडत होतं.

इथपर्यंतचं सगळं मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही. प्रत्येक तारखेला ठरावीकच गाड्या घेत होते, त्यामुळे बाला पुढे आणायचं तर कोणाला तरी मागे ढकलावं लागणार होतं. मी सहा दिवसांनंतरच्या तारखेच्या नोंदी एकेक करून पाहिल्या. चाळीस क्विंटल, बावीस क्विंटल, साठ क्विंटल. मग एक आली तीन क्विंटलची. बाईचं नाव, मुकुटबनच्या पलीकडचं गाव. मला वाटलं, तीन क्विंटलवाल्याला कसली घाई. तीन क्विंटल कुठेही मावतो. मी तिची तारीख बाला दिली, बाची तारीख तिला दिली. दोन मिनिटंही लागली नाहीत. तुम्ही शिकवलेल्यातलं काहीच त्याला लागलं नाही, सर, नुसतं दोनदा बटण दाबावं लागलं. नंतर मी वही उघडली आणि लिहिलं, "दुपारी अडीच. नोंदी विनापासवर्ड दिसतात. दुरुस्तीचे पान उघडते. फक्त पाहिले."

बुधवारी तुम्ही ती वही वाचलीत आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तुमची भीती वाटली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "परवानगी कुठं हाय?" तुम्ही वही माझ्यासमोर सरकवलीत. "कोणाच्या घराचं दार उघडं दिसलं त आत जाऊन भांडे पाह्यतेस काय तू? काहून पाह्यलं?" मी रडायला लागले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात. "फक्त पाह्यलंस ना? हात नाही लावला ना कायलेच?"

"नाही सर."

"वहीत हाय तेच?"

"हो सर."

तुमचा चेहरा सैल झाला. म्हणालात, गुन्हा गुन्हाच आहे, पण हे दार उघडं राहिलं तर उद्या कोणीतरी सगळ्या तालुक्याचे खाते क्रमांक बदलून टाकेल. सांगावं लागेल. आणि तुझ्या नावानं नाही सांगायचं, तांड्यावरच्या पोरीचं नाव एकदा असल्या कागदावर गेलं की संपलं. तुम्ही स्वतःच्या नावानं अर्ज लिहिलात. काय दिसलं, कसं दिसलं, काय दुरुस्त करावं. शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे. "आमच्याकडून कोणत्याही नोंदीत कसलाही बदल करण्यात आलेला नाही, याची मी हमी देतो." त्याखाली सही केलीत आणि शिक्का मारलात.

केंद्राच्या ऑफिसातल्या माणसानं अर्ज वाचलाही नाही, असं तुम्ही सांगितलंत. "तुमी दुकान चालवा ना मिया, सरकारच्या कामात कायले पडता," म्हणाला आणि कागद फाइलीत टाकला. तुम्हाला त्याचा राग आला नव्हता, सवय होती. काही दिवसांनी तुम्ही पोच मागायला पुन्हा गेलात आणि परत आलात तेव्हा मात्र तुम्ही वेगळेच दिसत होता. घाम आलेला, शर्टाची बाही मळलेली. पाणी प्यालात आणि सांगितलंत, की केंद्राच्या फाटकापाशी एक म्हातारी बसली आहे. कोलामाची बाई, पोडावरून, म्हणजे त्यांच्या रानातल्या वस्तीवरून आलेली. दुसऱ्याच्या गाडीत जागा मागून तीन गाठोडी कापूस आणलाय. चिठ्ठीवर कालची तारीख, संगणकात पुढच्या महिन्याची. ते म्हणतात परत घेऊन जा, ती म्हणते माझ्या कागदावर कालचीच तारीख आहे. कालपासून गाठोड्यावर बसून आहे. तुम्ही गाठोडी सावलीत ओढायला तिला मदत केली होती.

"तिनं मले कागद दाखवला," तुम्ही म्हणालात. "म्हणे, बाबू, मले वाचता येत नाही, तू सांग, आकडा कालचाच हाय ना? कालचाच होता बेटा. कोणीतरी आपल्या आधी आत शिरलं. हे पाय, म्या म्हणत होतो का नाही?"

बोलायचं होतं तर मी त्या क्षणाला बोलायला हवं होतं, सर. खोलीत आपण दोघंच होतो. दुकानात रेडिओ चालू होता. तुम्ही माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होता, तिची तक्रार लिहून द्यायला घेतली होती. नंबर पुढं आला, एवढंच मी बाला सांगितलं होतं, आणि त्याचा कापूस आदल्याच दिवशी गेला होता. पुढची खोली रिकामी झाली होती, याडीनं ती सारवली होती, आणि मी रात्रभर पाय लांब करून झोपले होते. मी म्हणाले, "हो सर."

तुम्ही तिच्या अंगठ्याचा ठसा घेतलात, तक्रार घेऊन थेट यवतमाळला गेलात आणि मोठ्या साहेबांना भेटलात. हे मला नंतर समजलं, की तुम्हीच त्यांना सांगितलंत, सर्व्हरवर नोंद राहते, कोणत्या कनेक्शनवरून बदल झाला ते निघतं, तपासा. त्यांना ते माहीत नव्हतं. तुम्ही समजावून सांगितलंत, कसं तपासायचं ते कागदावर लिहून दिलंत. त्यांनी तपासलं. बदल निघाला, आणि कनेक्शन निघालं तुमच्या नावाचं.

पोलीस आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी कॉलेजातून येत होते. समोरच्या टपरीपाशी उभी राहिले, पुढे गेले नाही. एकामागून एक संगणक बाहेर येत होते, बंद पडलेले तीनसुद्धा. खिडकीजवळचा, माझ्या सरावाचा, एका हवालदारानं बगलेत धरून आणला आणि त्याची वायर जमिनीवर घासत होती. माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, "याचं कनेक्शन कुठपर्यंत असंन काय माहीत, याईचं काही सांगता येत नाही." ज्यानं म्हटलं त्याच्या घरचा टीव्ही तुम्ही त्याच महिन्यात दुरुस्त करून दिला होता. तुम्ही दारात उभे होता, हातात चष्मा. तुम्ही मला पाहिलंत. मग नजर दुसरीकडे वळवलीत, मला ओळखत नसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला सोडलं. मी आठ दिवसांनी तुमच्या घरी आले. चाचींनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, पुढच्या खोलीत कोणी ना कोणी येत-जात होतं. त्या पोळ्या लाटत होत्या. तुम्ही उंबऱ्यापाशी बसून शेजाऱ्यांचा मिक्सर उघडत होता. क्लास नव्हता, पण हातांना काम लागत होतं. चाची म्हणाल्या, "ह्याईले सारखं इचारत होते, कोण येते, कधी येते, रजिस्टर दाखवा. ह्याईनं सांगितलं, म्या रजिस्टर ठेवतच नाही." त्या बोलता बोलता पिठाच्या डब्याकडे वळल्या आणि डबा सरकवला तेव्हा मला मागे लाल कापडाची पाठ दिसली. तुमचं हजेरीचं रजिस्टर. त्यात दर बुधवार, शनिवारी दोन ते चारच्या रकान्यात एकच नाव होतं. आणि त्या मंगळवारी, क्लास कोणावर सोपवला, तेही तुम्ही लिहिलं असणार. तुम्ही न लिहिता काही करत नव्हता.

तुम्ही मिक्सरचा स्क्रू बशीत ठेवलात. वर न बघता विचारलंत, "तुले मले काही सांगाचं हाय काय?"

मी म्हणाले, "नाही सर."

"ठीक हाय. मंग चहा पी, थंडा होते." आणि थोड्या वेळानं, "ते वही घरी ठेव. कोणाले दाखवू नको."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कधी कळलं, ते मी इतकी वर्षं शोधते आहे. पोलिसांनी तारीख आणि वेळ सांगितली तेव्हाच कळलं असेल. अडीच वाजता. वहीतही अडीच. मला त्या दिवशी तुमच्यावर रागही आला होता, हे आज लिहायला हरकत नाही. तुम्ही ओरडला असतात, कान धरून ठाण्यात नेलं असतंत, तर मी गेले असते. तुम्ही मला फक्त विचारलंत. विचारल्यावर नाही म्हणणं फार सोपं असतं.

खरेदी केंद्र त्या म्हातारीच्या नव्या तारखेच्या कितीतरी आधी बंद झालं. तिची तक्रार खरी निघाली, तुमचं नाव आरोपीत लागलं, पण तिचा कापूस घ्यायचा कोणी, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. बानं मात्र मला नागपूरला पाठवलं. घर मोकळं झालं, कापूस वेळेवर गेला, तो म्हणाला, "तुह्या कॉम्प्युटरनं नशीब काढलं, आता तूच पुढं शीक." मी शिकले. तुमच्या दोन पानांपुढे हजार पानं होती. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. आता मी पुण्यात हेच काम करते. लेखी परवानगी येते, तारखा ठरतात, कशाला हात लावायचा नाही याची यादी असते, आणि मी लोकांच्या यंत्रणांमध्ये शिरते. तुम्हाला वाटायचं, हे काम करणारी माणसं वाढली की दारं बंद होतील. नाही होत, सर. दर दोन-तीन कामांमागे एकदा तीच चूक सापडते. वर नंबर उघडा, आकडा बदला, दुसऱ्याची नोंद. मी अहवाल लिहिते, लाल अक्षरात "अतिशय गंभीर" लिहिते. वर्षानं त्याच कंपनीचं काम पुन्हा येतं आणि ती चूक तिथंच असते. अहवाल कोणीतरी फाइलीत टाकलेला असतो.

मी एकदा त्या पोडावर गेले होते. मुकुटबनला एस.टी.नं उतरून पुढे चालत. तिचं नाव माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं, जाणारही नाही. ती अंगणात मोह वाळवत बसली होती, पोडावर मोहाचा वास भरला होता. मी सांगायचं ठरवून गेले होते, वाक्यं जुळवली होती. तिनं माझी पँट, पाठीवरची बॅग पाहिली आणि तिला वाटलं, मी सरकारी पाहणीला आले. मी तोंड उघडायच्या आत ती घरात गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सगळे कागद घेऊन आली. रेशनचं कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि ती चिठ्ठी. अक्षरं उडून गेलेली, नुसता पिवळा कागद. "हे पाय बाई, कालचीच तारीख होती," ती म्हणाली. तिच्यासाठी ती अजूनही कालचीच होती. "आता तरी लिहून घे माहं नाव." तिनं मला पितळेच्या गडव्यातून पाणी दिलं. मी बॅगेतून वही काढली आणि तिचं नाव लिहून घेतलं. गावाचं नाव लिहिलं. तीन क्विंटल लिहिलं. ती बघत होती म्हणून खाली एक रेघ ओढली. मग उठले. ती फाट्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "साहेबाले सांगजो." पुढच्या वर्षी कोणाकडून तरी कळलं, ती उन्हाळ्यातच गेली.

तुमचं प्रकरण तारखा पडत चाललं होतं. क्लास पुन्हा सुरू झालाच नाही, लोक मुलं पाठवीनात. संगणक ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या वाळूच्या ट्रॉल्यांजवळ, दोन पावसाळे पडून होते, असं बा सांगायचा. मग तुमची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा तुम्ही यवतमाळला जात होता, एस.टी.नं, आणि परतीच्या गाडीत आमच्या तांड्यावरच्या माणसांना भेटलात की माझी खुशाली विचारत होता. "पोरगी काय करते? लिहिते ना नीट?" बा हे मला फोनवर सांगायचा, मोठ्या कौतुकानं. मी फोन ठेवून द्यायचे. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका कंपनीच्या ऑफिसात बसले होते. येता आलं असतं. दफन दुसऱ्या दिवशी होतं आणि नागपूरपर्यंत विमानही होतं. मी काम संपवलं, वेळ नोंदवली आणि घरी गेले. नंतर कोर्टानं, आरोपी मयत झाल्यानं, प्रकरण बंद केलं. म्हणजे तुम्ही निर्दोष आहात हे आता कोणालाही, कधीही म्हणता येणार नाही. मी आज जाऊन सांगितलं तरी लिहून घ्यायला फाइलच उघडी नाही. ही सबब आहे की खरं आहे, हे मी ठरवू शकत नाही. पाच वर्षं ती फाइल उघडी होती आणि तेव्हाही मी गेले नव्हते.

चाची अजून त्याच घरात राहतात. हे त्यांच्या पत्त्यावर टाकता येईल, त्यांना वाचता येतं. टाकणार नाही. त्यांनी त्या दिवशी डबा सरकवला तो चुकून की मुद्दाम, एवढं त्यांना विचारायची हिंमत माझ्यात नाही, तर हे पत्र त्यांच्या हातात कुठून देऊ.

आणखी एक गोष्ट आहे, छोटी. आमच्याकडे नवी मुलं शिकायला येतात. हुशार असतात, उतावीळ असतात, पहिल्याच दिवशी काहीतरी फोडायला बघतात. मी त्यांना परवानगीचा कागद लिहायला लावते, चार-चारदा परत करते. मग जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" तुमचं नाव घेतलं तर कोणी शोधून काढेल, शोधायलाच तर शिकवते मी त्यांना, आणि पहिल्याच पानावर त्यांना तुमची जुनी बातमी दिसेल. म्हणून मी डब्याचं झाकण लावते आणि सांगते, कोणी नाही, माझी मीच शिकले.